अर्थ लागत नाही

मे महिना, दुपारचे अडीच. यावल रोडवर
उन्हात राहिलेला पाना फडक्याशिवाय उचलता येत नाही.
सावद्याहून हेमराज भंगाळे गाडी घेऊन आले,
मागच्या सीटवर एक चेपलेला तांब्या
आणि तांब्याचे मालक, नथूअप्पा.

"रिव्हर्स घेतली भो, पडद्यावर नुस्तं पिवळं.
मले वाटलं आंगनच हाये."
अंगणात अप्पा दात घासत होते.
तांब्या चाकाखाली गेला, अप्पा बोटभर वाचले.
तेव्हापासून बाप-लेकात बोलणं नाही.
आता जे काही, ते माझ्यामार्फत.

कॅमेऱ्याच्या डोक्यावर मुगाएवढा नोझल.
दांडी ढकलली की त्यातून चूळ यायला हवी.
येत नाही.

टाकीत पाणी होतं, बोअरचं, जड.
नोझलमधला क्षार सुईनं टोकरला.
सुभाननं फ्यूज काढून उन्हात धरला: तार शाबूत.
हॉर्नचा रिले तिथे बसवून पाहिला, टिकटिकला.
मी मागच्या चाकावर पत्र्याला कान लावला.
कान भाजला. मोटरचा सूर नाही.

मोटर काढून थेट बॅटरीला जोडली तर
भुंग्यासारखी घुमली.

सुभाननं कनेक्टरला मीटर लावला.
"बारा पॉइंट तीन, काका. करंट तर येतोय!"
पोराच्या मीटरवर माझा राग नाही.
पण मीटर पाहुण्यासारखा, उंबऱ्यातूनच विचारतो,
सगळं बरं ना? घर म्हणतं, बरं.
ओझं दिल्याशिवाय तार खरं बोलत नाही.

माझ्याकडे एक दिवा आहे,
काळी-पिवळी जीपच्या इंडिकेटरचा, दोन तारा डकवलेला,
टेप गुंडाळून गुंडाळून वांग्याएवढा झालेला,
या दुकानाहून सहा वर्षांनी मोठा.
तो लावला.
विझत्या विडीसारखा लाल झाला, बस.
एक टोक तिथेच ठेवलं, दुसरं लांब तारेनं
पुढे बॅटरीच्या मायनसला नेलं
आणि लख्ख!

"येणारं येतंय," मी म्हटलं, "परतायला वाट नाही.
अर्थ लागत नाहीये."
अप्पा पहिल्यांदाच बोलले, "गाडीले?"
"गाडीलाच."
"मंग ठीक."

काळी तार बोटात धरून मागे मागे गेलो.
कार्पेटखाली शेंगांची फोलपटं, एक रुपया,
केळीच्या चिकाचे काळे डाग,
आणि मागच्या दिव्याआड तो बोल्ट,
दिवाळीत पोचा काढून पत्रा रंगवला तेव्हा
कोणीतरी घाईत रंगावरच आवळलेला.
वरून पांढराशुभ्र. आत गंज,
तारेचं तांबं शेवाळासारखं हिरवं.

पॉलिश पेपरनं घासत राहिलो, पत्रा उघडा होईपर्यंत.
नवं टोक, थोडं ग्रीस, बोल्ट.
हेमराजना म्हटलं, बसा आत, रिव्हर्स टाका,
आता ढकला दांडी.

अप्पा नेमके तेव्हा कॅमेऱ्यात डोकावत होते.
फुस्स!
चष्मा ओला, मिशी ओली.
आत पडद्यावरचं पिवळं ओघळत खाली गेलं
आणि आधी दिसलं नाक, पापडाएवढं,
मग अख्खे अप्पा, धोतराच्या सोग्यानं काच पुसत
काहीतरी बोलणारे. त्या पडद्याला आवाज नसतो.
हेमराज बघतच राहिले.
"आधी हँडब्रेक ओढा!" मी ओरडलो.

दीडशे झाले. अप्पांनी तांब्या पुढे केला.
म्हटलं, ते तांबटाचं काम,
मी फक्त तारेतलं तांबं बघतो.
अप्पा या वेळी पुढच्या सीटवर बसले, तांब्या मांडीवर.
गाडी रिव्हर्स घेतच निघाली.
सुभान आणि मी, दोघंही
मुकाट बाजूला झालो.