पोझनान, तिसरा मजला

वॉशिंग मशीनवरच्या फळीला पोक आलंय.
काकड्या, बीट, आलुबुखार, बरण्याच बरण्या.
मशीन कपडे पिळायला लागलं की
दातावर दात वाजतात त्यांचे.

मधोमध टेकू द्यावा, तर झाकण उघडत नाही.
झेनॉनने लोखंडी पट्टी धरून पाहिली,
पेन्सिल कानामागे खोचली, विसरला.

पालथी घाल की, विएस्वावा म्हणाली.
काय?
फळी.

एकोणतीस बरण्या बाथटबमध्ये उतरवल्या.
एकीवर त्याच्या आईचं अक्षर : मिरे जास्त.
ती कुणी उघडलेली नाही.

आता फळीला उंटासारखा उंचवटा.
बरण्या दोन्हीकडे जराशा कललेल्या.
दबेल वजनाने, ती म्हणते,
मशीन सुरू करते.
झेनॉन बघत राहतो.
मधोमध, सगळ्यांत उंच, थरथरत :
मिरे जास्त.