पाणी येण्याआधी

आमच्या बोळात पाणी पाच दिवसांनी येतं,
कधी सहा. वेळ सांगून येत नाही.
उजनी काठोकाठ भरली तरी हेच.

शमुवेलदादा पायरीवर बसलेला असतो.
मिल बंद पडली तेव्हापासून बसतो म्हणा,
आधी तासभर,
वहिनी गेल्यावर पहाटेचे तीन-तीन तास,
डोळे मिटून,
खांद्यावर टॉवेल, आमच्याच गावचा, विटलेला.

मी त्याची धाकटी बहीण.
गाव मला सिस्टर म्हणतं, ते मात्र नोकरीमुळे.
एकतीस वर्षं जखमा धुतल्या सरकारी दवाखान्यात.
मी निवृत्त झाले, जखमा कुठल्या होतायत.
नरसम्माच्या सासूची पाठ पडून पडून सोललीय,
यल्लप्पाची साखर अंगठ्यापर्यंत उतरलीय,
विड्या वळणाऱ्या पोरी खोकत येतात
बोटांना तंबाखूचा वास घेऊन,
आणि रविवारी उपासना सुटली की
सत्तर कप चहा.

खोटं कशाला बोलू, दादाचा राग यायचा.
भाकरी थापताना पाठीमागून
त्याची शांतता ऐकू यायची मला,
शेजारच्या मागांच्या खडखडाटाहून मोठी.
एकदा म्हटलंही,
"देवाला तुझे हात दिसतात का रे?"
"दिसत असतील," म्हणाला. "रिकामे आहेत."
एवढंच. वर चहा मागितला.

त्याच महिन्यात पाळकसाहेबांनी
त्या दोन बहिणींचा पाठ घेतला,
एक पायाशी बसलेली, एक चुलीशी तणतणणारी.
मी शेवटच्या बाकावर, पदराला हळद.
मनात म्हटलं, बरोबर आहे, प्रभू,
पण त्या दिवशी जेवलात ना सगळे?
वाढलं कुणी?
आमेन म्हणायला मला जरा उशीरच झाला.

गेल्या एप्रिलातली गोष्ट.
त्रेचाळीस अंश, सहावा दिवस, दोन्ही पिंपं कोरडी.
नरसम्माच्या सासूला पुसायला
तांब्याभर पाणी मी पाच घरं मागून आणलं
आणि येऊन पडले मेल्यासारखी.
"ऊठ. आलं."
नळाला थेंब नव्हता.
"कुठं आलंय?"
"हवा ऐक."

वाकून कान लावला.
नळाच्या पोटात, फार लांब,
कुणीतरी श्वास घेत होतं,
अशोक चौकाच्याही पलीकडून निघालेलं,
थांबत, अडखळत, पण येत.
तोवर दादा काठी टेकत निघालाही,
एकेक कडी वाजवत:
नरसम्मा, उठा. जब्बारभाई, पाणी. यल्लप्पा, सावकाश.

इतकी वर्षं मला वाटायचं
बोळाला नरसम्मा जागं करते.

शमुवेल. नावाला जागला म्हणायचा.
बादली उचलवत नाही त्याला, गुडघे गेलेत.
पण मी जे पाणी पाठीवर, अंगठ्यावर ओतते
ते आधी त्याच्या कानातून येतं,
हे कळायला मला अठ्ठावन्नावं वर्ष लागलं.

पिंप भरायला बावीस मिनिटं लागतात.
पाइप धरून उभं राहायचं, दुसरं काही नाही.
पूर्वी मी तेवढ्यात भांडी घासायचे.
आता उभी राहते.
पाण्याचा आवाज आधी पोकळ असतो, मग जाड,
काठाशी आलं की बारीक होतो.
मी काही मागत नाही.
नावं येतात, ती येऊ देते.
मग पाइप दुसऱ्या पिंपात टाकते.

अजूनही राग येतो, मधूनमधून.
परवा म्हटलं, बसलायस तर शेंगा तरी सोल, चटणीला.
सोलल्या बिचाऱ्याने,
डोळे मिटून,
निम्मे दाणे टरफलांत.
ओरडायला तोंड उघडलं होतं मी.
मग सूप घेतलं, शेजारी बसले,
आणि टरफलं पाखडत
कितीतरी वेळ
आम्ही दोघंही काही बोललो नाही.