येरडू येरडू वंदू

वडगावच्या बोळात वीज गेली की
यंत्रमाग एकेक करून गप्प होतात
आणि माझी क्लॅरिनेट मलाच ऐकू येते.
तोवर काय वाजवलं, देव जाणे.

पलटणीच्या बँडात बावीस वर्षं
सरळ रेषेत चाललो : डावा, उजवा, डावा.
आता लग्नांत वाजवतो.
सात माणसं, एक चेपलेला युफोनियम,
कोटांना बायकोनं लावलेल्या झालरी.

वरच्या खोलीत क्वाबेना राहायचा,
कुमासीहून डॉक्टरकी शिकायला आलेला.
जेवताना स्टीलच्या ताटाच्या कडेवर
चमच्यानं काहीतरी मोजायचा.
विचारलं, सम कुठाय रे?
म्हणाला, काका, ज्याचा पाय जिथं टेकेल तिथं.
जाताना चार बोटं रुंदीची विणलेली पट्टी दिली,
हळदी, हिरवी, मध्येच तांबडी.
ताटातलं मात्र सोबत घेऊन गेला.

ते मी शोधत बसलो वहीत, सहा महिने.
तीन घालावेत तर दोन उरतात,
दोन घालावेत तर तीन रुसतात.

शेवटी पट्टी नेली रुद्रव्वाकडे.
गल्लीत तिचाच एक हातमाग उरलाय.
"माझ्या तोंडाकडं काय बघूलैस? हे वाचायचं असतंय."
आणि पट्ट्यापट्ट्यावर नख टेकवत
मोजू लागली आपल्या भाषेत :
येरडू येरडू वंदू
येरडू येरडू येरडू वंदू

बारा.
ताट वाजलं.

मग तिनं पट्टीची कड उजेडात धरली.
"सुईची भोकं आहेत दोन्ही बाजूला.
कुणाच्या तरी अंगावरचं उसवून दिलंय हे, मास्तर.
शेजारच्या पट्ट्या तिकडंच राहिल्या."

मी घरी येऊन अर्धी वही खोडली.
जिथं जिथं भोकं, तिथं विराम लिहिले.
युफोनियमचा सातेरी नेहमीसारखा
अर्धं घर उशिरा आत शिरला.
काठी उचलली होती. खाली ठेवली.

अनगोळच्या वरातीत एकदाच वाजवलं.
नवरदेवाचा मामा धावत आला,
"मास्तर, बिघडलंय काय?"
नाचणारे हात वर करून तसेच थांबले,
पुढचा ठोका कुठं पडेल याची वाट बघत.

घोडी तेवढी
तिला हवा तिथं
पाय टेकवत राहिली.