प्रॉम्प्टरची वही

मार्केट यार्डात आप्पांचा आवाज कधी चढत नाही.
तिथं रुमालाखाली बोटं बोलतात,
हळदीचा भाव दोन तळव्यांच्या अंधारात ठरतो
आणि पोत्याला कोणी काही विचारत नाही.

संध्याकाळी सातला शाळेच्या हॉलमध्ये तालीम.
कुठल्याशा परदेशी शहराची शोकांतिका,
भाषांतर जुनं, कागद पिवळट,
नायिकेच्या बापाच्या भूमिकेत बाबगोंडा मगदूम.
म्हणजे आप्पा.
मी विंगेत. मांडीवर वही, हातात बॅटरी.

पहिल्या अंकात हा बाप किती गोड!
स्थळ घेऊन आलेल्याला म्हणतो,
घाई कसली, आधी पोरीचं मन तर बघा.
हे म्हणताना आप्पा असा काही हात पसरतात
की समोरच्या रिकाम्या खुर्च्याही सुखावतात.
आमच्या घरी पहिला अंक
माझ्या बारावीच्या निकालादिवशी झाला.
पेढ्यांचा बॉक्स हातात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं:
"त्रिशला म्हणेल ते. तिच्यापुढं मी कोण?"

तिसऱ्या अंकात तोच बाप सकाळी सकाळी पोरीच्या खोलीत येतो.
आधी थट्टा करतो.
मग विचारतो, काय झालं.
मग पुन्हा विचारतो, जरा हळू आवाजात,
आणि ते हळू विचारणंच वाईट असतं.

आयर्विन पुलाखाली कृष्णा अशीच चढते.
सकाळी एकोणीस फूट, कोणी बघतही नाही.
रात्री चाळीस,
आणि माणसं गाद्या माळ्यावर टाकायला लागतात.
आमच्यात आकडा आई वाचते.
जिन्यावरच्या चपलांवरून.

मंगळवारी मी नाही म्हणाले.
तासगावचं स्थळ, बेदाण्याची दोन कोल्ड स्टोरेजं,
मुलगा बरा असावा, मला माहीत नाही.
आप्पा आधी हसले. "अगं, बघ तरी."
मग ताट सरकवलं.
मग म्हणाले, शब्द दिलाय मी,
चाळीस वर्षांत बाजारातनं माझा शब्द परत आलेला नाही.
मग जे म्हणाले
ते या वहीत पान एकसष्टवर आहे,
जवळजवळ तसंच.
मी आईकडं बघितलं.
ती तांदूळ निवडत होती.
"मला नको विचारू," म्हणाली,
आणि एक खडा दोनदा टाकला.

काल तालमीत आप्पा पान एकसष्टवर अडकले.
बोट वर, तोंड उघडं, पुढचं वाक्य नाही.
दिग्दर्शकानं विंगेकडं मान वळवली.
घरी हे वाक्य त्यांना एकदाही अडलं नव्हतं.
मी बॅटरी लावली.
"चालती हो," मी कुजबुजले,
"तू माझी कोणी नाहीस."

त्यांनी माझ्याकडं बघितलं.
प्रेक्षकांकडं नाही, नायिकेकडं नाही,
विंगेत.
आणि वाक्य म्हणाले खरं,
पण पोत्यावर हात फिरवून ओल बघावी तसं.
"मगदूम, चढवा की आवाज!
शेवटच्या रांगेला काय कळणार?"

येताना स्कूटर पुलावर थांबवली.
भडंग घेतलं, पुडा माझ्याकडं दिला.
बराच वेळ खाली पाण्याकडं बघत राहिले.
मला वाटलं आता बोलतील.
"गुरुवार जरा घाईचा होतोय," म्हणाले,
"रविवारी या म्हणून सांगतो त्यांना."
आणि किक मारली.

रात्री वही चाळली.
शेवटच्या अंकात पोरगी निपचित पडलेली
आणि बाप रडतो, दीड पान.
तिथं आप्पांना मी कधीच लागत नाही.
कडेला लाल पेन्सिलीनं त्यांनीच खूण केलीये: इथं थांबा घ्यायचा.
ते दीड पान त्यांना पहिल्या दिवसापासून तोंडपाठ आहे.

त्याच्या आधी पोरीचं एक लांब स्वगत होतं.
वेळ पुरत नाही म्हणून दिग्दर्शकानं ते कापलं,
दोन तिरप्या रेघा मारून.
रेघांखालची अक्षरं वाचता येतात अजून.
आज शुक्रवार.
मी पाठ करायला घेतलंय.