रकाना तिसरा : जात

पाला नाही, फूल नाही, फळ नाही.
कॉलेजात मी झाडं ओळखायला शिकले ती वरून खाली :
पानाची कड, देठावरची लव, शिरांचा कोन.
इथे सांग्याच्या डेपोत झाड आडवं,
रात्री पकडलेल्या ट्रकातून उतरवलेले दहा ओंडके,
आणि वरचा सगळा भाग
रिवणच्या रानात कुठेतरी अजून हिरवा पडलेला.

म्हणून सोयरू वेळीप.
वय एकाहत्तर, त्यातली तीस वर्षं
करवतीच्या खालच्या टोकाला, खड्ड्यात,
डोळ्यांत भुसा घेत.
तो पंच नाही, साक्षीदार नाही.
त्याची मजुरी आम्ही 'किरकोळ'मधून देतो.

पहिल्याला त्याने नुसतं पायाने हलवलं.
"माट्टी."
मी लिहिलं : ऐन.
साल सुसरीच्या पाठीसारखी, चौकटी चौकटी,
एवढं तर पुस्तकातही होतं.

दुसऱ्याला साल ठेवलीच नव्हती,
ओळख पटू नये म्हणून तासून काढलेली.
त्याने नख रोवलं, जीभ लावली, थुंकला.
"किंदळ. माट्टीची भावंड,
पूण तिचेइतली खरी न्हय."
मी लिहिलं : किंजळ. खरेपणाला रकाना नव्हता.

नाण्याची साल कागदासारखी सुटत होती,
खाली पेरूच्या खोडासारखं थंड, गुळगुळीत.
चौथा पिवळा. मी घाईने म्हटलं, फणस.
"चीक खंय?" तो म्हणाला,
आणि मी फणस खोडून हेदू केलं.
पाचव्याचा वास त्याने मलाच घ्यायला लावला.
नव्या चपलांच्या दुकानाचा, मी म्हणाले.
तो हसला. "म्हाका बापायच्या पेटयेचो."
साग. सायलो.
एकाच वासाला आमची दोन घरं.

उरलेले पाच त्याने लोटत लोटत
एका ओळीत आणले, टोकाला टोक,
वर्तुळं जुळेपर्यंत. एकच झाड होतं ते,
सालीच्या भेगांतून लाल डिंक अजून ओला.
एक ढलपी काढून त्याने
माझ्या चहाच्या रिकाम्या ग्लासात पाण्यात टाकली
आणि ग्लास खिडकीत ठेवला.
"रावया मात्शें."
थोड्या वेळाने पाण्याच्या कडेला निळं काही आलं,
शाईचं नव्हे, आभाळाचंही नव्हे.
"आसण," तो म्हणाला. मी लिहिलं : बिबला,
आणि नंतरही ग्लासाकडेच बघत राहिले.

तो मात्र बुंध्याशी गेला होता.
वर सगळीकडे यंत्राची करवत,
तळाशी कुऱ्हाड.
त्याने घावांवरून अंगठा फिरवला,
एकदा उजवा.
मग हात बदलला, आणि डावा
त्या उतारावर बरोब्बर बसला.
बराच वेळ तो तसाच उकिडवा होता.
मी विचारलं, अजून काही?
"ना," तो म्हणाला. "आसणूच."

दुपारी त्याचा धाकटा, प्रेमू, पेज घेऊन आला.
स्कूटर गेटाबाहेरच लावली,
ओंडक्यांकडे पाहिलं नाही,
जसं कुणीच न पाहता राहत नाही.
डबा पुढे केला.
"उजव्या हातान दी रे," सोयरू म्हणाला,
तिशीतल्या मुलाला, एकदम मोठ्याने,
आणि माझ्याकडे बघितलं,
आणि मग बघणं थांबवलं.

रकाना सातवा : तोडणाऱ्याचं नाव.
सहा झाडांची नावं
दोन भाषांत, दोन दोनदा घेऊन झाली होती.
पेन खाली टेकून राहिलं, तिथे एक ठिपका पसरला.
साहेब आतून ओरडले, झालं का?
मी 'अज्ञात इसम' लिहिलं.
सोयरूने मजुरीच्या पावतीवर अंगठा दिला.
डावा. नियमच तसा आहे.

संध्याकाळी शिपाई ग्लास उचलायला आला.
उजेडाच्या आड धरला, तर पाण्यात कोरा चहा.
उजेडाकडे पाठ केली, तर निळं.
"टाकू?" त्याने विचारलं.
मी म्हटलं, राहू दे उद्यापर्यंत.