एकतिसावी

कुपवाडच्या एमआयडीसीत सकाळी सात वाजता
एक पाळी सुटते, दुसरी आत जाते,
आणि फाटकाबाहेर चहाच्या टपरीला टेकून
मी यादी घेऊन उभी असते.
तुकडी नऊ. शिवणयंत्र चालक. मुली तीस.
मुदत तीन महिने, दरडोई सरकारी खर्च
चौदा हजार दोनशे.
विचारायचं एकच, खुणा करायला रकाने तीन :
लागली. नाही लागली. संपर्क झाला नाही.

शबाना शिकलगार. लागली.
पगारपत्रकं तीन, शिक्का निळा, सही वाचता येत नाही.
तेजश्री ऐनापुरे. तिचा फोन तिचा नवरा उचलतो,
काय असेल ते मला सांगा म्हणतो.
मी त्याला काय सांगणार?
करुणा आवळे कोईमतूरला,
दिराच्या गलाईत, चांदीच्या भट्टीशेजारी हिशेब लिहिते.
शिवणाशी संबंध नाही. पैसे बरे.
ऑफिसला विचारलं, हिला कशात धरू?
ऑफिस म्हणालं, इतर.
इतर असा रकाना छापलेलाच नाही.

जतची एसटी, पुढं वडाप, पुढं पायी,
माडग्याळच्या अलीकडं दीपाली हाक्के.
पगारपत्रक मागितलं, तर तिनं वही आणली.
छाती, कमर, बाही, गळा,
सत्तेचाळीस बायकांची मापं
आणि समासात उधारी.
'आधी टेपची एकच बाजू यायची बघा,
आता दोन्हीकडनं वाचती.'
मी लिहिलं : नाही लागली.
तिनं पाण्याबरोबर गूळ दिला.
तो मी खाल्ला.

पुण्याचे साहेब म्हणाले होते,
लागल्या किती, यानं काय कळतं?
शिकल्या नसत्या तरी लागल्याच असत्या की नाही,
ते शोधा. न शिकलेली शोधा.
अर्ज आले होते एकतीस, जागा तीस.
डब्यात चिठ्ठ्या टाकल्या,
एक चिठ्ठी तळाशी राहिली.
रोहिणी तुपलोंढे, मुक्काम बेडग.

पानमळ्याच्या कडेनं गेले. घराला कुलूप.
शेजारची म्हणाली, ती होय, ती कामाला.
कुठं?
कुपवाडला.

तेच फाटक. तीच पाळी.
शबानाच्या डाव्या हाताची मशीन.
शबानाइतकाच पगार, रुपयाचाही फरक नाही.
कुठं शिकलीस?
'हिच्याकडं. बसमध्ये शेजारी बसायची.
रात्री हिच्या घरी, अकरा दिवस.
आधी कागदावर बिनदोऱ्याची सुई चालवली,
मग जुन्या उशीच्या खोळी.'
शबाना मान खाली घालून कॉलर उलटत होती.
म्हणाली, चौकशी होणार का माझी?

वजाबाकी केली. शिकलेलीतून न शिकलेली.
बाकी शून्य.
साहेबांना फोन लावला. ते जरा थांबून म्हणाले,
तुलनेची बाजू बाटली.
हाच शब्द.
मला उगीच आठवलं, आमच्या आळीत
कोण कुणाच्या हातचं पाणी प्यालं की म्हणायचे तो.
शून्य म्हणजे काहीच झालं नाही,
की शून्य म्हणजे ओंजळ गळकी होती
आणि खालचं शेत भिजलं?
तक्त्यात दोन्ही शून्यं सारखीच गोल.

एक सांगायचं राहिलं.
मागच्या साली तुकडी चार, डेटा एन्ट्री,
अनुक्रमांक सतरा, मी.
माझ्यापुढं कुणीतरी खूण केली आहे : लागली.
ते काम हेच. अकरा महिन्यांचं.
फेब्रुवारीत संपतं.
मार्चात अनोळखी नंबर आला
तर उचलीन म्हणते. बघू.

निघताना रोहिणी फाटकापर्यंत आली.
'ताई, माझं नाव तुमच्या यादीत न्हाई ना?
मग मला कशाला शोधलं?'
मी सांगू लागले, तुझ्यावरून त्यांचं मोजायचं असतं, म्हणजे...
तेवढ्यात भोंगा झाला.
ती पळाली.

शिसपेन्सिलीनं, तिसाच्या खाली,
रेघ न मारता,
मी तिचं नाव लिहून ठेवलंय.