पंच्याण्णव-शहाण्णव

मोटर जळाल्याचा वास किंचित गोड असतो,
वार्निशचा, करपलेल्या गुळासारखा.
सकाळी सव्वासहाला रबाळ्याच्या गेटवरच तो आला
आणि वॉचमनने तोंड उघडायच्या आत
मला कळलं, कूलिंग टॉवरचा तीन नंबर पंप गेला.

मेन स्विच खाली. कुलूप माझं, किल्ली माझ्या खिशात.
पाटी लटकवली : माणसे काम करत आहेत.
माणसे म्हणजे मी
आणि सुगंधा मढवी, आयटीआय पास, राहणार दिवागाव,
चौथा महिना, सेफ्टी शूज दोन नंबर मोठे.
तिला म्हटलं, टेस्टर आधी जित्या फेजवर लाव,
मग मेलेल्यावर,
मग पुन्हा जित्यावर.
मेलंय म्हणून सांगणारा
स्वतः जिवंत आहे ना, तेही बघावं लागतं.

मेगर लावला. काटा शून्यावर जाऊन पडला
तो उठलाच नाही.
बेअरिंग जाम, शाफ्ट हाताने फिरेना,
फॅनचं कव्हर चटका बसेल इतकं गरम अजून.
तुर्भ्याच्या रिवायंडिंगवाल्याला फोन केला,
म्हणाला, टेम्पो पाठवतो, आठ दिवस धरा.

मोटरी जळतात. त्यात काही नवल नाही.
पण मोटर जळू नये म्हणून ज्याला बसवलंय
तो रात्रभर काय करत होता?

ओव्हरलोड रिले. सेटिंग चोवीस अँपिअर, बरोबर.
लाल टेस्ट बटण दाबलं : टक.
इमानदार आहे बिचारा.
रात्रीही असाच टक वाजला असणार,
ट्रिपच्या दिव्यापर्यंत निरोपही गेला असणार,
पण त्या होल्डरात बल्ब नव्हता,
कोळ्याचं घर होतं.

आता पंच्याण्णव आणि शहाण्णव एकमेकांपासून सुटायला हवेत.
मीटर गप्प व्हायला हवा.
मीटर वाजतच राहिला.
सुगंधाने माझ्याकडे पाहिलं, मी डक्टकडे.

झाकण काढलं. काळी धूळ, पालीचा सांगाडा,
कुणाचा तरी हरवलेला नट,
आणि खाली, टर्मिनल पट्टीच्या आडोशाला,
बोटभर लांबीची करडी वायर,
इकडून तिकडे.
म्हणजे रिले ओरडायचा
आणि त्याचं कुणाला ऐकूच जायचं नाही.

वायरीला पिवळी टेप.
टेपच्या टोकाला घडी,
पुढच्याला नखाने पटकन सोडवता यावी म्हणून.

नऊ वर्षांपूर्वीची ती रात्र.
रिले उगाच ट्रिप होत होता, स्पेअर स्टोअरमध्ये नव्हता,
रंगाची बॅच रिॲक्टरात अर्धी,
आणि शिफ्टचा फुर्ताडो साहेब पॅनेलच्या दारात उभा राहून म्हणाला होता,
सकाळपर्यंत चालव.
सकाळ झाली.
त्यानंतर बऱ्याच झाल्या.
नवा रिले आला, तो मीच बसवला,
फुर्ताडो रिटायर झाला, वसईला गेला,
बोनस मिळाले, मुलगी दहावी झाली.
डक्टचं झाकण मात्र
चार स्क्रूंनी बंद होतं.

मी वाट पाहत होतो तिच्या प्रश्नाची :
कुणी केलं असेल हो, काका?
तिने विचारलं नाही.
तिच्या पायाशी ड्रिल मशीन पडलं होतं,
त्याच्या केबलला काल तिनेच टेप गुंडाळलेली,
टोकाला घडी.
मीच शिकवलेली.

स्क्रू ड्रायव्हर पुढे करत होती, म्हटलं, राहू दे.
नखानेच सोडवली.
नऊ वर्षांनी सुद्धा
एका ओढीत सुटली.

लॉगबुकात कारणाचा रकाना अर्ध्या इंचाचा.
बेअरिंग जाम, लिहिलं.
थोडा वेळ पेन तसंच धरलं.
मग समासात, बारीक अक्षरात, उरलेलं
आणि खाली सही.

बाहेर टेम्पो मागे घेताना क्लीनर पत्र्यावर थाप मारत होता.
पारसिकच्या बाजूने ऊन पॅनेल रूममध्ये आलेलं.
सुगंधाने हातमोजे झटकले, म्हणाली,
दोन नंबरचा डक्ट पण उघडू का?

मला आठवेना, दोन नंबरमध्ये काय आहे.
थांब, म्हटलं, आधी स्विच पाडू,
कुलूप तुझं लाव.